धाकट्याला मेजवानी, आणि थोरल्याला?

मैत्रिणींनो, ही यादी जरा वाचून बघा. पिठात मिसळलेलं आंबवण. दिव्यातलं संपत आलेलं तेल. हातातून निसटून घरंगळत गेलेलं नाणं आणि ते शोधायला घेतलेली केरसुणी. जुन्या कपड्याला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावलं की काय होतं ते. मीठ. मोहरीचा दाणा. रात्री-अपरात्री पाहुणा दारात उभा आणि घरात भाकरीचा तुकडा नाही, म्हणून शेजाऱ्याची कडी वाजवणारा गृहस्थ. तुम्ही म्हणाल, ही तर घरगुती सल्ल्याच्या पानावरची मंडळी! पण नाही. दोन हजार वर्षांपूर्वी गालील नावाच्या मुलखात येशू ख्रिस्तानं लोकांना धर्म शिकवला तो या असल्या वस्तू हाताशी घेऊन.

मी एका मिशनच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण सकाळच्या प्रार्थनेला हजर राहावं लागतं, आणि तिथं आठवड्यातून एकदा तरी यातली एखादी गोष्ट कानावर पडते. गोष्ट छान रंगते, मुली ऐकतात, आणि मग शेवटी ठरल्याप्रमाणे येतं ते 'म्हणून मुलींनो, आपण नेहमी...'. त्याबरोबर मागच्या रांगेतल्या वेण्या हलायला लागतात! शाळेच्या वाचनालयात मराठी बायबल आहे. रिकाम्या तासाला ते उघडून मी या गोष्टी मुळातून वाचायला घेतल्या आणि एक गोष्ट लक्षात आली. 'म्हणून आपण नेहमी' हे शेपूट बहुतेक ठिकाणी मुळात नाहीच. गोष्ट सांगणारा सांगून मोकळा होतो. पुढचं काम ऐकणाऱ्याचं.

या गोष्टींना मराठी बायबलात 'दाखले' किंवा 'दृष्टान्त' म्हणतात. मत्तय, मार्क आणि लूक यांनी लिहिलेल्या शुभवर्तमानांत ते आहेत. चौथ्या, योहानाच्या शुभवर्तमानात अशा रचलेल्या गोष्टी नाहीत. मोजायला बसलं तर तीस ते चाळीस भरतात. एका ओळीची उपमा गोष्ट धरायची की नाही, यावर आकडा कमीजास्त होतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे 'शेजारी ठेवणं'. एका वस्तूशेजारी दुसरी वस्तू ठेवायची आणि ऐकणाऱ्याला म्हणायचं, आता तूच बघ. हे पंचतंत्र किंवा इसापनीती नव्हे. इथं कोल्हे बोलत नाहीत. माणसं आहेत, आणि तीही फारशी आदर्श नाहीत. लबाड कारभारी आहे, झोपमोड झाल्यावर कुरकुरणारा शेजारी आहे, आणि देवाला न भिणारा न्यायाधीश आहे.

हा न्यायाधीश मला फार आवडतो, म्हणजे त्याची फजिती आवडते. एक विधवा न्याय मागायला त्याच्याकडे खेटे घालते. तो दाद देत नाही. ती पुन्हा जाते, पुन्हा जाते. शेवटी तो स्वतःशीच म्हणतो की देवाची पर्वा मला नाही नि माणसांचीही नाही, पण या बाईच्या तगाद्यानं माझा जीव जाईल, देऊन टाकू तिला न्याय. मूळ ग्रीकमध्ये इथं जो शब्द आहे तो मुष्टियुद्धातला आहे. डोळ्याखाली ठोसा मारून काळंनिळं करणं असा त्याचा शब्दशः अर्थ. म्हणजे ही निराधार बाई आपलं थोबाड फोडील असं भय न्यायाधीशसाहेबांना पडलेलं! कचेरीत सासऱ्यांच्या पेन्शनसाठी किंवा सातबाऱ्यावरच्या नावासाठी जिनं हेलपाटे घातले आहेत, तिला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

आता पिठाची गोष्ट घ्या. ती जेमतेम एका वाक्याची आहे. देवाचं राज्य कशासारखं, तर एका बाईनं तीन मापं पिठात खमीर लपवलं आणि सगळं पीठ फुगून आलं, त्यासारखं. संपली गोष्ट! पण आपण पीठ मळणाऱ्या बायका आहोत, तेव्हा जरा माप बघूया. ही तीन मापं म्हणजे आजच्या हिशेबानं वीस-पंचवीस किलो पीठ. एवढ्या पिठाच्या भाकरी शंभराच्या वर माणसांना पुरतात. म्हणजे ही रोजची कणीक नव्हे, हे लग्नघरचं पीठ आहे. ऐकणाऱ्या ज्यू लोकांना दुसरंही काही आठवलं असेल. त्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्या दारी तीन अनोळखी पाहुणे आले, तेव्हा त्यानं बायकोला, साराला, तीन मापंच पीठ मळायला सांगितलं होतं. ते पाहुणे देवाकडून आलेले होते. (तिघांसाठी एवढं पीठ! सांगणाऱ्या पुरुषाचं काय जातं?)

आणि खमीर म्हणजे काय? तेव्हा बाजारात पाकिटातलं यीस्ट मिळत नव्हतं. आदल्या मळणीतला गोळा बाजूला ठेवायचा, तो आंबायचा, तोच नव्या पिठात घालायचा. आपण विरजणाची कवडी जपून ठेवतो तसंच. पण ज्यूंच्या वल्हांडण सणात आंबलेलं पीठ घराबाहेर काढावं लागतं, कोनाकोपरा झाडून. त्यामुळे धर्माच्या बोलीत 'खमीर' हा शब्द बरेचदा वाईटाला वापरला जाई, हळूच पसरणाऱ्या नासक्या गोष्टीला. खुद्द येशूनंही दुसऱ्या एका ठिकाणी तो तसाच वापरला आहे. आणि इथं मात्र देवाचं राज्य खमिरासारखं! त्यातून ते करणारी बाई, आणि ती ते 'मिसळत' नाही, 'लपवते'. ऐकणारे चपापले असणार. आज आपण ही ओळ वाचतो आणि 'चांगल्या गोष्टी हळूहळू वाढतात' असं म्हणून पान उलटतो. धक्का कुठच्या कुठं गेला!

नाण्याची गोष्टही बाईचीच. तिच्याजवळ चांदीची दहा नाणी, त्यातलं एक हरवतं. एक नाणं म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. दिवसा दिवा कशाला, असं वाटेल. गालीलमधल्या कफर्णहूम गावाचं उत्खनन झालं आहे. तिथली घरं काळ्या दगडांची, आतली जमीनही तसल्याच ओबडधोबड दगडांची, मधे फटी. अशा घरात भर दुपारीही नाणं दिसायचं नाही. मग ते सापडतं आणि ती मैत्रिणींना, शेजारणींना बोलावून आनंद साजरा करते. बोलावलं म्हणजे हातावर काहीतरी ठेवलंच असणार. नाण्यापेक्षा खर्च जास्त झाला की काय, हा आपला गृहिणींचा हिशेब. गोष्टीला त्याचं काही पडलेलं नाही. पण बघा, हरवलेलं मेंढरू शोधणारा मेंढपाळ आणि हरवलेलं नाणं शोधणारी ही बाई लूकनं शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि दोघंही सांगतात ते देवाबद्दलच. मेंढपाळाची चित्रं जगभरच्या चर्चमध्ये रंगवली गेली. केरसुणीवालीची त्या मानानं फारच थोडी.

येशूच्या आधीही अशी गोष्ट सांगायची रीत त्या लोकांत होती. दावीद राजाची हकिकत तुम्हांला ठाऊक असेल. आपल्याच सैन्यातल्या उरीयाच्या बायकोवर त्याची नजर गेली, तिला त्यानं वाड्यावर आणवलं आणि पुढं उरीयाला लढाईत पुढच्या फळीत ठेवून मारवलं. राजाला कोण बोलणार? नाथान नावाचा संदेष्टा दरबारात गेला आणि त्यानं एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे मेंढरांचे कळप होते. शेजारच्या गरिबाकडे एकच कोकरू होतं, ते त्याच्याच ताटात जेवायचं, मुलीसारखं त्याच्या मांडीवर झोपायचं. श्रीमंताकडे पाहुणा आला, तर त्यानं आपली मेंढरं सोडून गरिबाचं कोकरू कापलं. दावीद संतापला, असल्या माणसाला मरणाचीच शिक्षा हवी म्हणाला. तेव्हा नाथाननं सांगितलं, तो माणूस दुसरातिसरा कुणी नाही, महाराज, तुम्हीच.

मला या हकिकतीत सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की नाथान ही गोष्ट कुणाला सांगतो. राजाला. उरीयाच्या बायकोकडे जाऊन त्यानं तिला सोसण्याची गोष्ट सांगितली नाही. येशूच्या गोष्टींतही हे पुन्हा पुन्हा दिसतं. शोमरोनी माणसाची गोष्ट त्यानं सांगितली ती एका धर्मशास्त्र्याला. 'शेजारी' म्हणजे नेमका कोण, असा पेच त्यानं टाकला होता. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता पंचवीस-तीस किलोमीटरांत हजार मीटर खाली उतरतो, उजाड डोंगरांतून. तिथं एकाला चोरांनी अर्धमेला करून टाकलं. याजक आला, बाजूनं निघून गेला. लेवी, म्हणजे मंदिराचा सेवेकरी, तोही गेला. ऐकणाऱ्यांना वाटलं असेल, आता तिसरा आपल्यातलाच साधासुधा माणूस येणार. पण आला शोमरोनी! ज्यू आणि शोमरोनी यांचं शतकांचं वैर. शोमरोन्यांचं गरिज्जीम डोंगरावरचं मंदिर ज्यू सत्ताधीश योहान हिर्कानस यानं येशूच्या आधी शंभरावर वर्षं उद्ध्वस्त केलं होतं. अशा माणसानं जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दोन दिनार मोजले. मग येशूनं शास्त्र्यालाच उलट विचारलं, या तिघांतला शेजारी कोण ठरला? शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्द काही निघत नाही. ज्यानं दया केली तो, एवढंच म्हणतो.

हीच गोष्ट आपण 'रस्त्यात पडलेल्याला मदत करावी' म्हणून सांगतो. मदत करावीच, वाद नाही. पण तेवढं शिकवायला तिसरा माणूस कुणीही चालला असता. आपल्या गावात, आपल्या आळीत, ज्याच्या हातचं पाणी प्यायला घरातली वडीलधारी कां-कूं करतात, त्याला तिथं उभा करून बघा, म्हणजे ही गोष्ट ऐकताना त्या शास्त्र्याच्या घशाला कोरड का पडली ते कळेल.

या गोष्टी समजावून सांगण्याचा खटाटोप मात्र फार जुना आहे. पेरणाऱ्याची गोष्ट सांगून झाल्यावर शिष्य अर्थ विचारतात आणि येशू तो सांगतो, असं शुभवर्तमानातच आहे. बाहेरच्यांना मात्र गोष्टीच ऐकवायच्या, असंही एक अवघड वचन तिथंच आहे, त्यावर विद्वानांचा आजही खल चालतो. पुढं चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीननं शोमरोन्याच्या गोष्टीतला प्रत्येक कणन्‌कण उलगडला. जखमी तो आदम, चोर म्हणजे सैतान, उतारशाळा म्हणजे चर्च, आणि उतारशाळेचा मालक म्हणजे थेट संत पौल! पंधराशे वर्षं ही रीत चालली. १८८८ साली अडॉल्फ युलिशर या जर्मन पंडितानं आपल्या ग्रंथाचा पहिला भाग काढला आणि बजावलं, की हे कोडं नव्हे, गोष्टीला एकच मुख्य मुद्दा असतो. कोडं सुटलं, पण त्याच्या जागी एका ओळीचं तात्पर्य येऊन बसलं, असं मला तरी वाटतं.

आपल्या मराठीत याला एक फार सुंदर जोड आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टान्त केसोबासांनी तेराव्या शतकात एकत्र केले. 'दृष्टान्तपाठ' या नावानं ते प्रसिद्ध आहेत, संख्या ११४. हत्ती आणि आंधळे आपण सगळ्यांनी ऐकलेले, ते त्यात आहेत. प्रत्येक ठिकाणी आधी स्वामींचं सूत्र, मग दृष्टान्त, आणि शेवटी 'दार्ष्टान्तिक', म्हणजे त्याचा उलगडा. यातली पहिली दोन स्वामींची, उलगडा केसोबासांचा. सांगणारा निघून गेला की मागं समजावणारा लागतोच. शिष्यांनीच जपल्या म्हणून या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या, हेही खरं.

पण समजावल्याशिवाय शिकवता येतं का? आणि तेही लहान मुलांना? याचं उत्तर दोन बायकांनी शोधलं, ते मला आपल्या उपयोगाचं वाटतं. सोफिया काव्हालेत्ती ही रोममधली हिब्रू भाषेची अभ्यासक. १९५४ साली एका मैत्रिणीनं आपल्या लहान मुलाला बायबल शिकवायची तिला गळ घातली. लहान मुलांना शिकवण्याचा तिला काडीचाही अनुभव नव्हता. लवकरच तिला जान्ना गॉब्बी येऊन मिळाली, ती माँटेसरी पद्धतीची शिक्षिका. माँटेसरीबाई आपल्याला परक्या नाहीत. त्या स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या, महायुद्धाची सगळी वर्षं इथंच राहिल्या. आणि त्यांचं तत्त्व आपल्या ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या अंगणात नेलं. काव्हालेत्ती आणि गॉब्बी यांनी रोममध्ये तेच येशूच्या गोष्टींना लावलं.

त्यांची तऱ्हा बघा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पिठाची गोष्ट सांगायची, ती वाचूनच, शब्द न वाढवता. मग दोन भांड्यांत पीठ मळायचं, एकात खमीर घालायचं, दुसऱ्यात नाही. झाकून ठेवायचं. काही वेळानं मुलांनीच झाकण काढून बघायचं. शिक्षिका विचारते, हे कशानं झालं असेल? आणि गप्प बसते. उत्तर देत नाही, चूक-बरोबर म्हणत नाही. मोहरीच्या गोष्टीला अगदी बारीक दाणा मुलाच्या बोटाच्या टोकावर ठेवायचा. मेंढपाळाच्या गोष्टीला लाकडी मेंढरं आणि लहानसं कुंपण. ते सामान मुलांना केव्हाही घेऊन बसता येतं. 'कसं वागावं' शिकवणाऱ्या गोष्टी सहा वर्षांच्या आत काढायच्याच नाहीत, हाही त्यांचा नियम. लहान वयात आधी नवल वाटू द्यावं, वागणुकीचं पुढं बघता येईल, असं त्यांचं म्हणणं. काव्हालेत्तीबाईंनी १९७९ मध्ये यावर इटालियनमध्ये पुस्तक लिहिलं. २०११ मध्ये त्या गेल्या. ही पद्धत आज अनेक देशांत, कॅथलिकांखेरीज इतर पंथांतही चालते.

गप्प बसणं किती कठीण असतं ते आयांना आणि बाईंना विचारावं. मूल विचार करत असतं आणि आपल्याला मात्र दम निघत नाही, आपण उत्तर त्याच्या तोंडात कोंबतो, भरवल्यासारखं.

आता तुम्हांला मी ज्या गोष्टीसाठी एवढं सगळं सांगत आले, तिच्याकडे येते. उधळ्या पुत्राची गोष्ट. धाकटा मुलगा बापाच्या हयातीत वाटणी मागतो, परदेशी जाऊन पैसा उडवतो, दुष्काळात डुकरं राखायची पाळी येते, तेव्हा शहाणा होऊन परततो. बाप त्याला लांबून बघतो आणि म्हातारपणी धावत सुटतो. अंगावर झगा, बोटात अंगठी, पायांत जोडे, आणि पोसलेलं वासरू कापून मेजवानी. आपल्याकडे गोष्ट सांगताना बहुतेक इथंच थांबतात. पण मुळात ती अजून अर्धी बाकी आहे. थोरला शेतावर आहे. तो दमूनभागून घराकडे येतो, तर आतून गाण्याबजावण्याचा आवाज. काय चाललंय ते त्याला गड्याला विचारावं लागतं! मेजवानी सुरू झाली, पण शेतावर त्याला बोलवायला कुणी गेलं नव्हतं.

एमी-जिल लिव्हाइन या ज्यू विदुषीनं २०१४ च्या आपल्या पुस्तकात यावर नेमकं बोट ठेवलं आहे. शंभर मेंढरांच्या मालकाला एक कमी आहे हे कळलं. दहा नाण्यांच्या मालकिणीला एक कमी आहे हे कळलं. दोन मुलांच्या बापाला मात्र दोनपर्यंत मोजता आलं नाही.

आणि हिशेब बघा. त्या काळच्या ज्यू कायद्यात थोरल्याला दुप्पट वाटा. म्हणजे धाकटा एक तृतीयांश घेऊन गेला. उरलं ते सगळं थोरल्याचं. कापलेलं वासरू, झगा, अंगठी, धरून चाललं तर त्याच्याच वाटणीतलं. बाप तसं कबूलही करतो. थोरला रागानं म्हणतो, की इतकी वर्षं राबलो, पण मित्रांबरोबर खायला मला कधी एक करडूही मिळालं नाही. त्याचं हे बोलणं वाचताना मला तरी तो हेवेखोर वाटत नाही. तो दमलेला वाटतो.

मैत्रिणींनो, हा थोरला तुमच्या ओळखीचा नाही का? बहुतेक घरांत तो असतो, आणि बरेचदा तो बाईच असतो. सासूबाईंची पथ्यं सांभाळणारी, त्यांच्या औषधांच्या वेळा पाठ असणारी. वर्षातून एकदा परदेशातून धाकटे दीर-जाऊ येतात. त्यांच्यासाठी पुरण शिजतं, आजारी सासूबाई उठून बसतात, 'आज बरं वाटतंय गं' म्हणतात. सगळं खरं असतं, सासूबाईंचा आनंदही खराच. आणि ती पुरण वाटत असते. तिला हीच गोष्ट सांगून 'मन मोठं कर' म्हणणारे पुष्कळ भेटतील. पण येशूनं ही गोष्ट कुणाला ऐकवली ते लूकनं सुरुवातीलाच सांगून ठेवलं आहे. जकातदार आणि पापी यांच्या पंगतीला बसतो म्हणून कुरकुरणाऱ्या मानी, प्रतिष्ठित लोकांना. ज्यांच्या हातात गावाचा धर्म होता, दार उघडायचं की लावायचं हे जे ठरवत, त्यांना. क्षमेची गोष्ट बळ असलेल्यानं ऐकायची असते. तीच जर मार खाणाऱ्या बायकोला ऐकवली, तर ती गोष्ट राहत नाही, काठी होते. क्षमेच्या दुसऱ्या एका दाखल्यात राजा माफ करतो तो आकडा दहा हजार तालंतांचा आहे. एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, म्हणजे एकूण सहा कोटी दिवसांची मजुरी. तिथंही माफ करण्याची पाळी आधी राजाची आहे, आणि शिक्षा होते ती माफी मिळाल्यावर स्वतः दुसऱ्याचा गळा धरणाऱ्याला.

तरी बापाच्या बाजूनं एक सांगायला हवं. तो पंगत सोडून अंगणात येतो. धाकट्यासाठी जसा घराबाहेर पडला, तसा थोरल्यासाठीही पडतो, आणि ज्या मुलानं नावही न घेता फटकारलं त्याची मनधरणी करतो. त्या काळच्या यजमानाला ही केवढी नामुष्की! रेम्ब्रांटनं आयुष्याच्या अखेरीस या गोष्टीचं मोठं चित्र रंगवलं, ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्यात गुडघे टेकलेल्या धाकट्याच्या पाठीवर बापाचे दोन्ही हात आहेत, एक रुंद, दुसरा नाजूक, जणू एक बापाचा नि एक आईचा. गोष्टीत आई नाहीच, हे तुमच्या लक्षात आलं असेल. उजव्या बाजूला, जरा उंचावर, हातांवर हात ठेवून एक ताठ माणूस उभा आहे. तो थोरला, असं मानतात.

आणि लूक इथंच गोष्ट सोडून देतो. थोरला आत गेला की नाही, ते लिहिलेलं नाही.

ज्यांना मुळातून वाचायचं आहे त्यांनी लूकचा पंधरावा अध्याय उघडावा, दोन पानांचा आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' वाचनालयात मिळेल. २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला आहे. त्याहून जुनं हवं तर पंडिता रमाबाईंचं. केडगावच्या मुक्तिसदनात बसून, साध्या खेडवळ बाईलाही कळावं अशा मराठीत, त्यांनी मूळ भाषांतून सगळं बायबल एकटीनं उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि ते पूर्ण छापून बाहेर आलं १९२४ मध्ये.

गेल्या महिन्यात नववीच्या तासाला मी ही गोष्ट पूर्ण सांगितली आणि फळ्यावर एवढंच लिहिलं, 'पुढे काय झाले?' आणि खुर्चीत जाऊन बसले. पहिली पाच मिनिटं नुसती चुळबूळ. 'बाई, किती ओळी?' 'बाई, परीक्षेला आहे का?' मग माना खाली गेल्या. एकीनं लिहिलं, धाकटा स्वतः ताट घेऊन अंगणात आला. एकीनं लिहिलं, बाप आणि थोरला पायरीवर बसून राहिले आणि आत जेवण निवलं. एका मुलीचा थोरला आत गेला, पण पंगतीत बसला नाही, वाढायला लागला. तिच्या घरी काय आहे ते मी विचारलं नाही. आणि मागच्या बाकावरच्या एकीनं दीड ओळ लिहून खाली लिहिलं होतं, 'बाई, माझं अजून ठरलं नाही, वही उद्या देऊ का?' तिला मी सोमवारपर्यंत दिली.